मूळ फाइल कुणाकडे आहे?

एखादा फोटो ‘सगळ्यांकडे आहे’ असं घरात म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यांकडे असते ती त्याची लहान केलेली प्रत. मूळ फोटो एकाच फोनमध्ये असतो, ज्याने तो काढला त्याच्या. तो फोन बदलला, पाण्यात पडला, दुरुस्तीला गेला की मूळ फोटो जातो, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण ग्रुपवर तो दिसतच असतो. मामा गेले तेव्हा हे आमच्या समोर आलं. त्यानंतर कित्येक महिने मी दोन्हीकडच्या नातेवाइकांचे फोटो एकेका फोनमधून गोळा करत होते. ते काम कसं झालं, ते इथे लिहिते आहे.

मामींना मामांचा एक फोटो मोठा छापून हवा होता. कुठला, तेही त्यांचं ठरलेलं होतं. मामा वर्तमानपत्र वाचत बसलेत, कुणीतरी हाक मारली म्हणून त्यांनी चष्म्यावरून वर बघितलंय, तो. प्रत्येकाच्या गॅलरीत तो होता. छापून आला तेव्हा चेहरा पुसट होता, गालावर चौकोनी ठिपके दिसत होते. मामी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी तो परत पाकिटात घातला.

हिशेब सरळ आहे. चॅटवरून आलेल्या त्या फोटोची लांब बाजू १६०० पिक्सेल होती. जवळून बघायच्या चांगल्या छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तो फोटो सव्वापाच इंचांच्या आसपास नीट छापला जाणार, त्यापुढे ताणला की फुटणार. साध्या १२ मेगापिक्सेलच्या फोनमधला मूळ फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचा असतो. तोच हिशेब त्याला लावला तर तेरा इंच. पाठवताना डेटा कमी लागावा म्हणून मेसेजिंग अ‍ॅप फोटो आवळतं, आणि एकदा आवळलेला फोटो पुन्हा पसरत नाही.

हा फोटो काढला कुणी, इथून शोध सुरू झाला. आईला वाटत होतं मावशीने, मावशीला वाटत होतं माझ्या भावाने. शेवटी खिडकीच्या काचेत हात वर केलेली एक आकृती दिसली आणि तिच्या हातातल्या घड्याळावरून मामेबहिणीने ओळखलं, हा तर तुझा आतेभाऊ. त्याने मधल्या काळात फोन बदलला होता, पण जुना फोन खणात जपून ठेवला होता. त्यातून त्याने मूळ फाइल काढून पाठवली. ती मी लॅपटॉपवर उघडली आणि मोठी करत गेले. मामांच्या खिशातल्या पेनाची क्लिप दिसली. वर्तमानपत्राच्या कडेला त्यांनी शब्दकोड्याची दोन अक्षरं पेनाने गिरवलेली होती. डाव्या हाताच्या अंगठ्यावर पट्टी होती. मामी म्हणाल्या, “अगं, ती पट्टी मीच लावली होती, दाराच्या फटीत बोट सापडलं होतं त्यांचं.” ग्रुपवरच्या फोटोत ती पट्टी म्हणजे एक पांढरट डाग होता.

त्या दिवशी मी ठरवलं, सगळ्यांकडून मूळ फाइली गोळा करायच्या.

पहिला निरोप घरच्या ग्रुपवर टाकला, त्यात एकच विनंती होती: फोटो इथे टाकू नका. तरी निम्म्या लोकांनी तिथेच टाकले, प्रेमाने, धडाधड. त्यात कुणाचा दोष नाही. फोटो पाठवणं म्हणजे ग्रुपवर टाकणं, हे हाताला इतकं बसलंय की वेगळं काही करायचं म्हणजे शिकवावंच लागतं. मग मी एकेकाला फोन करून सांगू लागले. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाठवायचा असेल तर फोटो म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव, मग फाइल आहे तशी येते. ‘एचडी’ हा पर्याय बरा, पण त्यातही फोटो थोडा आवळला जातोच. फोटो खूप असतील तर क्लाउडवरच्या, म्हणजे इंटरनेटवरच्या साठवणीतल्या, फोल्डरची लिंक. आणि वयाने मोठी माणसं असतील तर मी स्वतः केबल घेऊन येते.

हे केबल घेऊन जाणं सगळ्यात कामाचं ठरलं. फोन लॅपटॉपला जोडला, फोनवर ‘फाइल ट्रान्सफर’ निवडलं की ‘डीसीआयएम’ नावाचा फोल्डर दिसतो, कॅमेऱ्याने काढलेले फोटो त्यात असतात. तो पूर्ण उचलायचा, निवडत बसायचं नाही. निवड घरी, सावकाश. कुणाच्या शेजारी बसून त्यांचे फोटो चाळणं त्यांनाही अवघड जातं आणि आपल्यालाही. काही आयफोनमध्ये वेगळी गोष्ट दिसली. जागा वाचवण्याची सोय चालू असेल तर फोनमध्ये फक्त लहान प्रती असतात आणि मूळ फोटो क्लाउडवर. अशा ठिकाणी केबलचा उपयोग नाही, खात्यातूनच मूळ फाइल उतरवून घ्यावी लागते. तिथे ‘मूळ’ किंवा ‘अनमॉडिफाइड ओरिजिनल’ असा पर्याय असेल तर तो निवडायचा. २०१७ पासून आयफोन ‘एचईआयसी’ या प्रकारात फोटो काढतात. तो जुन्या संगणकावर उघडला नाही तरी घाबरायचं कारण नाही. मूळ तसाच ठेवून त्याची जेपीईजी प्रत वेगळी करता येते.

मावशीच्या घरी एक गोष्ट कळली जी मला वाटतं प्रत्येकाने आज तपासावी. तिचा समज होता की फोटो आपोआप ‘वर’ जातात. जात होतेही, पण खात्यातली जागा भरल्यावर बॅकअप थांबला होता. सूचना येत होती, ती बोटाने बाजूला सारली जात होती. गूगल फोटोजवर १ जून २०२१ पर्यंत दर्जा थोडा कमी केलेले फोटो हवे तेवढे मोफत ठेवता येत. त्यानंतरचे फोटो मेल आणि बाकी फाइलींसकट १५ जीबीच्या मोफत मर्यादेत मोजले जातात. हा बदल सगळ्यांनी वाचला, पण ‘माझं खातं कधी भरेल’ हे कुणी बघितलं नाही. मावशीचे मधल्या काळातले सगळे फोटो त्या एका फोनवरच होते, काच तडकलेल्या.

आणि सिंक, म्हणजे फोन आणि क्लाउड एकसारखे ठेवणं, म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येक घरात सांगत गेले. सिंक चालू असताना फोटोंच्या अ‍ॅपमधून एखादा फोटो काढून टाकला तर तो क्लाउडवरूनही जातो. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप झालेला फोटो ६० दिवस राहतो, आयफोनवर साधारण ३० दिवस, मग कायमचा जातो. ‘फोनमध्ये जागा नाही’ म्हणून मामेभावाने एका संध्याकाळी जुनी वर्षंच्या वर्षं निवडली होती, ‘वर आहेतच’ या भरवशावर. नशिबाने मुदत उरली होती, सगळी परत आणता आली.

शेअर्ड अल्बमचाही मोह होतो. मजा आहे त्यात, सगळे मिळून बघतात, मुलं शेरे लिहितात. जपण्यासाठी मात्र तो उपयोगाचा नाही. गूगलच्या शेअर्ड अल्बममधून एखादी व्यक्ती बाहेर पडली की तिने टाकलेले फोटोही अल्बममधून जातात. ज्यांना ते हवे असतील त्यांनी वेळीच आपल्या संग्रहात ‘सेव्ह’ केलेले असावे लागतात. आमच्याकडे आता अल्बम बघण्यासाठी आहे, आणि साठवण वेगळीकडे.

जुन्या फोनांची गोष्ट स्वतंत्र आहे. खणाखणांतून निघाले. बटणांचे, सरकत्या झाकणाचे, एकाचं तर मागचं झाकण उचकटून वर आलेलं. आत बॅटरी फुगली होती. फुगलेली बॅटरी दिसली की चार्जर लावायचा नाही, दाबायची नाही, जाणकाराकडून काढून घ्यायची. एवढं सांगितलं तरी कुणीतरी चार्जर शोधायला उठतंच. बऱ्याच जुन्या फोनांत फोटो मेमरी कार्डावर असतात, म्हणून फोन चालू न होताही काम झालं. कार्ड काढून रीडरमध्ये घातलं की झालं. त्या कार्डावर काही नवं लिहायचं नाही, आधी सगळं जसंच्या तसं संगणकावर उतरवायचं. पुसले गेलेले फोटोही कधी कधी सॉफ्टवेअरने परत मिळतात, पण त्यांच्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल तरच.

त्यातले फोटो ६४० गुणिले ४८० चे. आजच्या पडद्यावर तळहाताएवढे दिसतात. पहिला कॅमेराफोन म्हणून ज्यांची नावं घेतली जातात त्यांपैकी शार्पचा एक फोन जपानमध्ये २००० साली आला, तो तर जेमतेम ०.११ मेगापिक्सेलचा होता, त्या मानाने हे श्रीमंतच. माझ्या धाकट्या भावाचा शाळेच्या गणवेशातला, आजोबांच्या खांद्यावर हात टाकलेला फोटो अशाच एका कार्डावर निघाला. आजोबांचा त्या वर्षांतला दुसरा फोटो आमच्याकडे नाही. तो मोठा छापता येणार नाही, पण भावाने तो आहे त्या आकारात छापून टेबलावर ठेवला आहे. काही चित्रफिती ‘थ्रीजीपी’ प्रकारच्या होत्या. व्हीएलसी प्लेयरमध्ये त्या सहज चालल्या आणि आवाज मात्र अगदी स्वच्छ निघाला.

सगळं एका ठिकाणी आल्यावर खरं काम सुरू झालं: तारखा. फोटोच्या फाइलमध्ये चित्राबरोबर काही माहिती असते, कधी काढला, कुठल्या फोनने काढला, लोकेशन चालू असेल तर कुठे काढला. तिला एक्झिफ म्हणतात, १९९५ पासून हा प्रकार आहे. चॅटवरून गेलेल्या फोटोतून ही माहिती गळून पडते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फाइलच्या नावात तारीख असते, पण ती फोटो आल्याची, काढल्याची नाही. कुणी दहा वर्षांपूर्वीचा फोटो काल पाठवला तर नावात कालची तारीख येते, आणि गॅलरीत तो कालच्या पावतीच्या फोटोशेजारी जाऊन बसतो. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची निराळी तऱ्हा. बॅटरी पूर्ण उतरली की त्यांचं घड्याळ पुन्हा कुठल्यातरी वर्षाच्या १ जानेवारीवर जातं. मावसभावाच्या कॅमेऱ्यातला एक अख्खा उन्हाळा म्हणूनच जानेवारीत पडला होता.

ऑनलाइन खात्यातून एकदम सगळं उतरवून घेतलं तरी बघून घ्यावं लागतं. गूगलच्या ‘टेकआउट’मधून फोटोंबरोबर ‘जेसन’ प्रकारच्या छोट्या फाइली येतात. अ‍ॅपमध्ये आपण सुधारलेली तारीख, लिहिलेलं वर्णन, हे त्या फाइलींत असतं, फोटोच्या पोटात नसतं. म्हणून त्या कचरा समजून पुसायच्या नाहीत. फिल हार्वे यांनी केलेलं ‘एक्झिफटूल’ नावाचं मोफत साधन आहे, त्याने या फाइलींतल्या तारखा फोटोत परत भरता येतात. ते काळ्या खिडकीत आज्ञा लिहून चालतं, पहिल्यांदा बिचकायला होतं. मी आधी दहा-बारा फोटोंच्या प्रतीवर करून बघितलं, मगच सगळ्यांना लावलं.

एकच फोटो आठ-दहा फोनमधून आला की डुप्लिकेट होणारच. हुबेहूब सारख्या फाइली ओळखणं सॉफ्टवेअरला सोपं, ते आतला मजकूर ताडून बघतं. पण मूळ फोटो आणि त्याची चॅटवरून आलेली प्रत या संगणकाच्या दृष्टीने दोन वेगळ्या फाइली असतात. तिथे ‘सारखे दिसणारे’ शोधणारं साधन वापरलं आणि शेवटचा निर्णय डोळ्यांनी घेतला. मोठी फाइल ठेवायची, पण लहान फाइल एकमेव असेल तर तीच मूळ. सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर तयार होईपर्यंत मी एकही फाइल पुसली नाही. फोल्डरांना नावं तारखेने दिली, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे कुठल्याही संगणकावर आपोआप क्रमाने लागतात, एखादं अ‍ॅप बंद पडलं तरी. स्क्रीनशॉट सरसकट उडवावेत असं मला भावाने सुचवलं होतं. मी नाही उडवले. त्यातल्या एकात मामांनी माझ्या भाचीला परीक्षेच्या आदल्या रात्री पाठवलेला निरोप होता: “झोप आता. येतं तुला.” तो फोटो नाही, पण ठेवायचा तो हाच.

मग नावं. फोटोत माणसं ओळखून गट करणारी सोय बऱ्याच अ‍ॅपमध्ये आहे आणि ती थक्क करते, पण तिने माझी आई आणि मावशी तरुणपणी एकच केल्या. शिवाय चेहरा ओळखणं वेगळं, आणि हे कोण, कुणाचे, त्या दिवशी तिथे कसे, हे सांगणं वेगळं. त्यासाठी आई आणि मावशीला शेजारी बसवलं. टॅबलेटवर फोटो, बाजूला माझा फोन आवाज रेकॉर्ड करत. कागद-पेन घेऊन बसले असते तर त्या नावं सांगून थांबल्या असत्या. रेकॉर्डिंग चालू आहे हे विसरल्यावर भांडायला लागल्या.

“ही कुसुम नाही, कुसुमची जाऊ.”

“जाऊ कशी असेल? जाऊ एवढी उंच होती का?”

“अगं उभी कुठेय बघ, पायरीवर.”

मावशीने दोन बोटांनी फोटो मोठा केला, पायरी शोधली आणि हरली. अशा एका दुपारी जी माहिती जमली ती दुसरं कुणीच देऊ शकलं नसतं. मावशी ऐंशीच्या घरात आहे. ज्यांच्याकडे जुने फोटो असतील त्यांना मी हेच सांगेन, स्कॅनिंग आणि डिस्क पुढच्या वर्षी झाली तरी चालेल, ही बैठक आधी घ्या. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला मी फोल्डरचं नाव मोठ्याने बोलत होते, आणि फोटो बदलला की त्याचा क्रमांक. त्यामुळे नंतर आवाज आणि फोटो जुळवणं सोपं गेलं. नावं मी फाइलच्या आतल्या वर्णनाच्या जागी भरली आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक साधी मजकुराची फाइलही ठेवली, मराठीत. अ‍ॅपमध्ये लिहिलेली नावं त्या अ‍ॅपपुरतीच राहतात, साधी फाइल कुठेही उघडते.

एका गोष्टीवर मात्र चर्चा करावी लागली. मामांचे शेवटच्या महिन्यांतले, दवाखान्यातले फोटो. मामेभावाला ते पुसायचे होते, मामींना ठेवायचे होते. मी दोघांचंही ऐकलं आणि ते वेगळ्या, पासवर्ड लावलेल्या फोल्डरमध्ये ठेवले. तो बाकीच्या संग्रहाबरोबर कुणालाही जात नाही. बघायचे की नाही ते मामी ठरवतील. लहान मुलांच्या फोटोंचंही तसंच. त्यांच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय ते मोठ्या अल्बममध्ये जात नाहीत, आणि बाहेर कुणाला पाठवताना ठिकाणाची माहिती काढून पाठवतो. मूळ फाइलमध्ये घराचं अचूक ठिकाण असतं, हे मूळ फाइलींचा आग्रह धरणाऱ्यांनीच आधी लक्षात ठेवायला हवं.

साठवणीसाठी पीटर क्रोघ या अमेरिकी छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ हा नियम घेतला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. आमच्याकडे एक प्रत माझ्या हार्ड डिस्कवर, एक क्लाउडवर, एक भावाच्या घरी. भेटलो की डिस्क अदलाबदल करतो. पेन ड्राइव्हवर वर्षानुवर्षं ठेवायचा विचार सोडून दिला. पेन ड्राइव्ह किंवा एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवर साठवणारी डिस्क) दीर्घकाळ वीज न देता पडून राहिले तर त्यांतली माहिती विरू शकते. हार्ड डिस्कही अमर नाही, म्हणून मधूनमधून वेगवेगळ्या वर्षांतले फोटो उघडून बघते. नुसता फोल्डर दिसला म्हणजे आतली फाइल उघडेलच असं नाही.

शेवटचं काम खात्यांचं. मामांच्या फोनचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता, आणि त्यातले फोटो आजही आमच्या हाती नाहीत. म्हणून आता आई, मावशी, मामी, तिघींच्या खात्यांत सोय करून दिली. अ‍ॅपलमध्ये ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणून, आपल्यामागे खात्यातलं बघू शकेल अशा आपल्या माणसाचं नाव देता येतं. गूगलमध्ये ‘इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे, खातं ठरावीक महिने वापरलं गेलं नाही तर निवडलेल्या व्यक्तीला कळवून त्यातला मजकूर उतरवून घेऊ देतो. दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल बंद करू शकतं, त्यामुळे हे लांबणीवर टाकण्यासारखं नाही. मावशी आधी म्हणाली, “मेल्यानंतरचं आत्ता कशाला?” मग स्वतःच माझ्या भावाचं नाव सांगितलं आणि त्याला लगेच फोन करून तसं कळवलंही.

राहिलेत ते आवाज. चॅटवर येणारे व्हॉइस मेसेज ‘ओपस’ प्रकारच्या छोट्या फाइली असतात, जुना फोन टाकला की बहुतेकांचे त्याबरोबर जातात. मामांचे असे मेसेज मामेबहिणीच्या आणि आतेभावाच्या फोनवर आहेत. ते चॅटमधून एक्सपोर्ट करून, कुणाला आणि कधी पाठवला हे नावात लिहून, त्या-त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये घालायचं काम सध्या चालू आहे. मामेबहिणीकडचे आले. आतेभाऊ रविवारी बसतो म्हणाला आहे.